सूपचं पाकीट भाजीत घालताना

पाकीट फोडण्याआधी मागची बारीक अक्षरं वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात आणि बहुतेक सूपमध्ये कॉर्नफ्लोअर, साखर, मीठ वरच दिसतात. म्हणजे तुम्ही नुसती चव घालत नाही, दाटपणा आणि मीठही घालताय. म्हणून भाजीत आधी मीठ टाकूच नका. सूप घालून उकळी आली की चाखा, मग ठरवा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, त्यामुळे घरात कुणाला रक्तदाब असेल तर हे रोज नकोच.

पावडर थेट उकळत्या रश्श्यात पडली की गुठळ्या होणारच. बाहेरचा स्टार्च लगेच फुगतो आणि आत कोरडी पूड अडकते. वाटीत गार पाण्यात कालवा, मग ढवळत ओता.

टोमॅटो सूपचे दोन चमचे फ्लॉवर-मटारच्या रश्श्याला छान लागतात, फक्त ताजे टोमॅटो निम्मे करा. मंचाऊ मला सगळ्यात आवडतं ते शिळ्या भातासाठी: तेलात भरपूर लसूण, कोबी, गाजर मोठ्या आचेवर परतायचं, चमचाभर पूड थोड्या पाण्यात कालवून घालायची, मग मोकळा केलेला भात. आमटी-पिठल्यात मात्र कृपा करून घालू नका; गोड्या मसाल्याचा वासच मरतो.

उरलेली पूड लगेच घट्ट झाकणाच्या बरणीत भरा. पावसाळ्यात दोन दिवसांत तिचा दगड होतो.