डूमच्या डोळ्यांतलं पाणी

प्रश्न : ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर निघालेला ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’ या कॉमिकचा काळ्या मुखपृष्ठाचा अंक नुकताच वाचला. कोसळलेल्या इमारतींच्या ढिगाऱ्यापाशी खलनायक डॉक्टर डूम उभा आहे आणि मुखवट्याआड त्याचे डोळे चक्क भरून आलेत! ज्याने याच शहरावर इतक्यांदा घाला घातला, तो रडेल? माझा मित्र म्हणतो, तो डूम नाहीच, त्याचा डूमबॉट, म्हणजे त्याच्यासारखा दिसणारा यंत्रमानव असणार. तुम्हाला काय वाटतं?

उत्तर : डिसेंबर २००१चा तो अंक माझ्याकडे आहे आणि त्या पानाशी माझं अजून जमलेलं नाही. त्यामुळे तुमचा प्रश्न मला फार जवळचा वाटला.

मित्राचा तर्क आधी बाजूला ठेवू. १९८१ साली ‘एक्स-मेन’ या कॉमिकमध्ये आर्केड नावाचा सुपारीबाज डूमच्या चिलखतावर आगकाडी ओढतो आणि डूम ते मुकाट्याने खपवून घेतो. लेखक-चित्रकार जॉन बर्न यांनी १९८३ मध्ये डूमच्या जुन्या शत्रूंच्या ‘फँटॅस्टिक फोर’ या मालिकेच्या २५८व्या अंकात खुलासा केला, की तो डूमबॉट होता, आणि खऱ्या डूमने त्याला त्याची शिक्षाही दिली. तिथे ते शोभलं, कारण असला अपमान गिळणारा डूम कुणालाच ओळखीचा वाटत नव्हता. पण मुसमुसायला यंत्र कोण कशाला पाठवेल? न पटलेलं प्रत्येक पान डूमबॉटच्या नावावर टाकायचं, तर मग डूमच उरणार नाही.

आता रडण्याविषयी. डूमला रडू येणं अशक्य आहे, असं मी मुळीच म्हणणार नाही. ‘फँटॅस्टिक फोर’च्या १९६४च्या वार्षिक अंकात त्याचं बालपण आलं आहे. वडील वैद्य. सरदाराच्या बायकोला वाचवू शकले नाहीत, म्हणून लहानग्या व्हिक्टरला, म्हणजे डूमला, घेऊन डोंगरात पळाले. त्याला थंडी लागू नये म्हणून स्वतःच्या अंगावरचं त्याच्याभोवती गुंडाळलं आणि स्वतः गारठून गेले. आईचा आत्मा मेफिस्टोच्या कैदेत. तिला सोडवण्यासाठी हा दरवर्षी त्या सैतानाशी झुंजतो आणि हरतो. १९८९ मध्ये रॉजर स्टर्न आणि माइक मिन्योला यांनी त्या झुंजीचा शेवट दाखवला : आईची सुटका व्हावी म्हणून डूम असा डाव रचतो, की त्याचं नीच रूप पाहून तिने त्याला झिडकारावं. ती झिडकारते आणि मुक्त होते. मुलाच्या पदरात तिचा तिरस्कार पडतो. ते पुस्तक मिटल्यावर मी बराच वेळ दुसरं काही वाचू शकले नव्हते. हा माणूस दगड नाही.

मात्र त्याचं प्रत्येक दुःख त्याचं स्वतःचं असतं : माझे वडील, माझी आई, माझा देश लॅटव्हेरिया. अनोळखी माणसांसाठी, परक्या शहरात, चारचौघांत अश्रू ढाळणं मला त्याच्यात कुठे सापडत नाही. ‘फँटॅस्टिक फोर’च्या १९६२ सालच्या सहाव्या अंकात यानेच समुद्राचा राजा नेमॉरला हाताशी धरून त्या चौघांचं घर असलेली बॅक्स्टर बिल्डिंग मुळासकट उपटली होती आणि अवकाशात ओढून नेली होती. गगनचुंबी इमारतीचा असा खेळ केलेला माणूस कोसळलेल्या इमारतींपुढे रडतो, तेव्हा मधलं काहीतरी सांगायला हवं होतं. तसं एक वाक्यही तिथे नाही.

त्याच पानावर एक्स-मेनचा शत्रू मॅग्नेटोही आहे, आणि त्याचं असणं मला अजिबात खटकत नाही. ‘एक्स-मेन’च्या १५०व्या अंकात, १९८१ साली, एक्स-मेनमधली किटी प्राइड आपल्या हातून मेली असं वाटून तो जागच्या जागी खचतो. ती लहान मुलगी आहे आणि त्याने स्वतः आउशवित्झची नाझी छळछावणी पाहिलीय. १९६३ पासूनचा दुष्ट मॅग्नेटो आठवणाऱ्यांना तेव्हा धक्का बसला असेल. पण कारण त्याच्या आतून आलं होतं, म्हणून तो धक्का पुढे त्याचा स्वभावच झाला. निरपराध माणसांचे मृतदेह पाहून थिजणारा मॅग्नेटो मला समजतो.

लेखक स्ट्रॅझिन्स्की आणि चित्रकार जॉन रोमिटा ज्युनियर यांना मी दोष देत नाही. स्पायडर-मॅनच्या तोंडचं निवेदन म्हणतं, की सर्वांत वाईट माणूसही अखेर माणूसच असतो. त्यासाठी सर्वांत वाईट असा, सगळ्यांच्या ओळखीचा चेहरा हवा होता. तो डूमचा घेतला. म्हणजे ते अश्रू लेखकाचे आहेत, शहराचे आहेत. डूमकडे ते फक्त ठेवायला दिलेत. शोकपत्र म्हणून ते पान वाचलं की माझेही डोळे भरतात. डूमच्या चरित्रातलं पान म्हणून वाचलं की ते बसत नाही, आणि माझ्या मते तुमचा आक्षेप बरोबर आहे.

मला विचाराल तर डूम तिथे आला असता. या शहराला नमवायचं तर ते मीच, असं आयुष्यभर मानणारा माणूस. दुसऱ्या कुणी त्याला हात लावला, हे त्याला सहन झालं नसतं. रात्री, एकटा, मुठी आवळून उभा राहिला असता. डोळे कोरडे.