दोघंच फिरायला गेलो की पहिल्याच दिवशी भांडण का होतं?

"मॅडम, मुलगी सोबत असायची तेव्हा ट्रिपला असं कधी झालं नाही. आता पहिल्यांदा दोघंच गेलो तर कोल्हापूर यायच्या आतच बोलणं बंद. म्हणजे आमच्यात आता काही उरलंच नाही का?"

हा प्रश्न मला वर्षातून कितीतरी वेळा ऐकायला मिळतो, विशेषतः दिवाळीनंतर आणि मे महिन्यानंतर. ठिकाण बदलतं, कधी नाशिक कधी पणजी कधी म्हैसूर, पण गोष्ट तीच. मुलं शिकायला बाहेर गेलीयेत, कितीतरी वर्षांनी दोघंच गाडी घेऊन निघालेत, कुठे डोंगर चढायचा नाही काही नाही, एखाद्या शहरात जाऊन आरामात खायचं-प्यायचं-हिंडायचं, आणि पहिला दिवस संपायच्या आत दोघं पलंगाच्या दोन टोकांना. मग घरी येऊन बाई (बहुतेक वेळा बाईच) फोन करतात.

आज ज्या जोडप्याबद्दल लिहितेय त्यांची परवानगी घेतलीय आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत. पुण्यातलेच, लग्नाला 24 वर्षं. मुलगी जूनमध्ये होस्टेलला गेली. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात यांनी कोल्हापूरला तीन दिवस जायचं ठरवलं, शनिवारी सकाळी निघायचं. पुणे-कोल्हापूर साधारण 230 किलोमीटर, एरवी साडेचार-पाच तास धरतात. पण सातारा ते कागल सहापदरीकरणाचं काम चाललेलं, जिकडे तिकडे डायव्हर्जन, त्यात सुट्टीची गर्दी आणि उसाचा सीझन, दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर पुढे. पोचायला सात तासांच्या वर गेले.

पहिल्या सेशनला दोघं आले तेव्हा दोघांनाही "चूक कोणाची" हेच सांगायचं होतं. मी ते ऐकलं नाही असं नाही, थोडं ऐकलं, पण मग दोघांच्या हातात एकेक कोरा कागद दिला आणि म्हटलं, तो दिवस तासातासाने लिहा, का झालं ते लिहू नका, फक्त किती वाजता काय केलं ते लिहा. आणि एकमेकांच्या कागदात बघू नका. हे मी बऱ्याच जोडप्यांना करायला लावते, कारण "का" विचारलं की माणूस वकिली करायला लागतो आणि "मग काय झालं" विचारलं की खरं सांगायला लागतो.

तिचा कागद सुरू झाला शुक्रवारी रात्री 11 ला. उरलेलं दूध शेजारी दिलं. कुंड्यांना पाणी घातलं. सासूबाईंच्या गोळ्या काढून नणंदेकडे दिल्या. पहाटे 4:40 ला उठले, तिखट-मिठाच्या पुऱ्या केल्या. दूधवाल्याला मेसेज. गॅसचा कॉक बंद केला, परत जाऊन बघितला. 7:10 ला गाडीत बसले. आणि 7:10 च्या पुढे तिने एकच शब्द लिहिला होता, "संपलं."

त्याचा कागद सुरूच झाला तिथून. "7:10 गाडी काढली." मग खेड-शिवापूर टोल, खंबाटकीला ट्रकच्या मागे 40 मिनिटं, साताऱ्याच्या पुढे डायव्हर्जन, कराडला चुकीचा सर्व्हिस रोड, किणी टोल, तावडे हॉटेलपाशी ट्रॅफिक, मग हॉटेलची गल्ली सापडेना. "2:45 गाडी लावली." त्याच्या खाली रिकामं. मी विचारलं, इथे पुढे काय? तो म्हणाला, "पुढे काय मॅडम, संपलं."

दोघांचे कागद मी टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि त्या दोन वेळांवर बोट ठेवलं. 7:10 आणि 2:45. मधे साडेसात तास. त्या साडेसात तासांत एकाच गाडीत, हाताच्या अंतरावर, ती सुट्टीवर होती आणि तो ड्युटीवर. ती सकाळी 7:10 ला मोकळी झाली म्हणून तिला आता खिडकीतून बघायचं होतं, चहाला थांबायचं होतं, "अहो ते बघा केवढा ऊस चाललाय" म्हणायचं होतं, आणि त्याला मात्र तो ऊस म्हणजे पुढचा अर्धा तास वाया. आणि 2:45 ला तो मोकळा झाला तेव्हा बूट न काढता पलंगावर आडवा, आणि ती तोंड धुऊन साडी बदलून साडेतीनला तयार. साडेपाचपर्यंत खिडकीपाशी बसून राहिली.

तिच्या म्हणण्याप्रमाणे भांडण त्याने सुरू केलं, त्याच्या म्हणण्याप्रमाणे तिने. मला कागदांवर दिसलं ते असं की कराडजवळ ती म्हणाली, प्रीतिसंगमावर दहा मिनिटं थांबूया. कृष्णा आणि कोयना तिथे समोरासमोर येऊन मिळतात, शाळेच्या पुस्तकात वाचलेलं तिने, आणि यशवंतरावांची समाधीही तिथेच. तो म्हणाला, "येताना बघू." ती म्हणाली, "तुमचं येताना कधी येतं?" त्याच नादात सर्व्हिस रोड चुकला, आणि तो म्हणाला, "तुला एकच काम दिलं होतं, मॅप बघायचं." तिने मोबाईल डॅशबोर्डवर पालथा ठेवला. पेठनाक्यापासून किणी टोलपर्यंत गाडीत एक शब्द नाही.

हे वाक्य फार लागतं हो, "एकच काम दिलं होतं." पहाटे 4:40 ला उठलेल्या बाईला तर फारच. त्याला ते 4:40 माहीतच नव्हतं. म्हणजे आवाज आला असणार भांड्यांचा, पण ते काम म्हणून कधी मोजलं नव्हतं. आणि तिनेही गाडी चालवणं हे काम म्हणून मोजलं नव्हतं, "एसीत बसूनच तर जायचं होतं" असं ती पहिल्या सेशनला म्हणाली होती.

आता तिचा मूळ प्रश्न, मुलगी असताना असं का व्हायचं नाही. यावर आम्ही एक पूर्ण सेशन घालवलं आणि मला वाटतं तेच सगळ्यात महत्त्वाचं ठरलं. मी विचारलं, आधीच्या ट्रिपला गाडी कोणामुळे थांबायची? दोघं एकदम म्हणाले, तिच्यामुळे. तिला भूक लागायची, तिला शू लागायची, मोठी झाल्यावर तिला फोटो काढायचे असायचे. मुलीने म्हटलं की बाप दोन मिनिटांत ब्लिंकर देऊन बाजूला घ्यायचा. म्हणजे 18 वर्षं आईला स्वतःसाठी "थांबा" म्हणावं लागलंच नव्हतं, तिचं थांबणं मुलीच्या नावावर होऊन जायचं. चहा तिला हवा असायचा पण "हिला काहीतरी खायला घेऊ" म्हणून गाडी थांबायची. आणि त्याचाही थकवा असाच निघून जायचा, मागच्या सीटवरून गाण्याच्या भेंड्या चालू असायच्या. आता मागची सीट रिकामी. पहिल्यांदाच तिला "मला थांबायचंय" असं स्वतःच्या नावाने म्हणावं लागलं, आणि त्यालाही बायकोसाठी थांबायची सवयच राहिली नव्हती. हे ऐकताना ती रडली. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "मला वाटलं तिला लवकर पोचायचंय."

तर आमच्यात काही उरलं नाही का, याचं उत्तर मी त्यांना तिथेच दिलं. उरलंय, पण इतकी वर्षं ते मुलीमार्फत चाललं होतं, आता थेट मागायला आणि थेट द्यायला शिकायचंय. नातं संपल्याची खूण वेगळी असते.

एक गोष्ट त्याने जाता जाता सांगितली, की दरवेळी सुट्टीच्या पहिल्या दिवशी त्याचं डोकं दुखतंच, आणि बायकोला ते नाटक वाटतं. ते नाटक नसतं. नेदरलँड्समधल्या टिलबर्ग विद्यापीठातल्या आद फिंगरहुट्स या मानसशास्त्रज्ञांनी यावर 2002 च्या सुमारास काम केलंय, काही माणसांना नेमकं सुट्टी लागली की डोकेदुखी, थकवा, अंगदुखी सुरू होते. हातातलं काम थांबलं तरी शरीर त्या वेगातून लगेच बाहेर येत नाही. त्यातून ज्याच्यावर जबाबदारीचं ओझं जास्त, त्याला जास्त.

मग मी दोघांना विचारलं, कोल्हापुरात तुम्हाला खरंच काय हवं होतं? एकच गोष्ट सांगायची. त्याचा प्लॅन मी बघितला होता, मोबाईलमध्ये एक्सेल शीट होती, पहिल्या दिवशी मटण थाळी, न्यू पॅलेस, अंबाबाई, भवानी मंडप, रंकाळा, सगळं तासात बसवलेलं, आणि वर शीर्षक "रिलॅक्स ट्रिप". तिने सांगितलं, दूध कट्टा. ऑफिसमधल्या मैत्रिणीने सांगितलं होतं की संध्याकाळी गंगावेशीत म्हशी आणून उभ्या करतात आणि समोर धार काढून फेसाळ दूध ग्लासात देतात, ते तिला प्यायचं होतं. बस. शीटमध्ये दूध कट्टा नव्हता. उलट त्या रात्री तो तिला तांबडा-पांढरा रस्सा खायला घेऊन गेला, आणि शनिवारी ती नॉनव्हेज खात नाही हे 24 वर्षांत त्याला माहीत असून त्या दिवशी डोक्यातच आलं नाही. ती दहीभात खाऊन उठली. सगळ्या दिवसात तेच तिला जास्त लागलं होतं.

आणि त्याची एक गोष्ट? तो जरा लाजला. म्हणाला, खासबाग मैदानात नुसतं बसायचं होतं. राजर्षी शाहू महाराजांनी बांधलेलं ते कुस्तीचं मैदान. महाराज 1902 ला युरोपला गेले होते, रोमचं मैदान बघून त्यांना तशी कल्पना सुचली असं सांगतात. याचे वडील याला दहा वर्षांचा असताना तिथे कुस्त्या दाखवायला घेऊन गेले होते, एसटीने. वडील गेल्यावर परत कधी जाणं झालं नाही. बायको त्याच्याकडे बघतच राहिली, "हे मला कधी सांगितलं नाहीत तुम्ही." आणि गंमत बघा, खासबागही शीटमध्ये नव्हतं! सगळी शीट त्याने "तिला सगळं दाखवायचं" म्हणून भरली होती, आणि दोघांना खरं जे हवं होतं ते दोन तासांत होण्यासारखं होतं.

पुढच्या ट्रिपसाठी आम्ही फार काही ठरवलं नाही, आणि तुम्हीही फार नियम करू नका, नियमांचीच भांडणं होतात. पहिला दिवस कोरा ठेवायचा, फक्त पोचायचं. पोचल्यावर गाडी चालवणाऱ्याला एक तास कोणी काही विचारायचं नाही, त्या तासात दुसऱ्याने रुसून खोलीत न बसता खुशाल खाली चक्कर मारून यावी. वाटेत प्रत्येकाचा एक थांबा, त्याचं कारण द्यायचं नाही आणि "येताना बघू" म्हणायचं नाही. निघायच्या आधीची कामं दोघांनी आदल्या दिवशी कागदावर लिहून वाटून घ्यायची. आणि वाद चढायला लागला तर गाडी एखाद्या ढाब्यापाशी घेऊन उतरायचं. जोडप्यांची भांडणं वर्षानुवर्षं अभ्यासणारे अमेरिकेतले जॉन गॉटमन सांगतात की रागात हृदयाचे ठोके मिनिटाला 100 च्या वर गेले की समोरच्याचं बोलणं नीट डोक्यात शिरतच नाही, आणि शांत व्हायला निदान 20 मिनिटं लागतात. हायवेवर 90 च्या स्पीडला ते ठोके घेऊन बसू नका, अगदी कळकळीने सांगते.

आणि एक, हे सगळं साध्या चिडचिडीसाठी. भांडणात कायम अपमान होत असेल, आठ-आठ दिवस अबोला शिक्षा म्हणून धरला जात असेल, चिडून मुद्दाम गाडी जोरात पळवली जात असेल, हात उगारला जात असेल, भीती वाटत असेल, तर तो प्रश्न ट्रिपचा नाहीच, तिथे असलं प्लॅनिंग कामाचं नाही. बायकांसाठी 181 ही हेल्पलाइन आहे, मन फार अस्वस्थ असेल तर सरकारचं टेलि-मानस आहे, 14416. फोन करायला लाजू नका.

फेब्रुवारीत ते दोघं परत कोल्हापूरलाच गेले. मधल्या काळात तिने ड्रायव्हिंग स्कूलचे दहा क्लास केले होते, लायसन्स होतं पण नऊ वर्षं गाडी हातात घेतली नव्हती. पेठनाक्यापर्यंत त्याने चालवली, पुढे थोडा वेळ तिने, आणि तो डावीकडे बसून ब्रेक नसताना पाय दाबत होता म्हणे. कराडला थांबले, दहा मिनिटांऐवजी पाऊण तास, घाटावर पुऱ्या खाल्ल्या. या वेळी पुऱ्या त्याने तळल्या होत्या, निम्म्या फुगल्याच नव्हत्या, पण खाल्ल्या दोघांनी.

पोचल्यावर तो तासभर झोपला, ती महाद्वार रोडला जाऊन चपला बघून आली. संध्याकाळी दोघं खासबागला गेले. मैदान रिकामं, मधे लाल मातीचा हौदा, आजूबाजूला पायऱ्या. तो पायरीवर बसला आणि वडिलांबद्दल बोलायला लागला, ते एसटीत कुठल्या सीटवर बसले होते, वडिलांनी खांद्यावर घेऊन कुठला डाव समजावला होता, परत येताना याला झोप लागली तर वडील उभे राहिले आणि त्याला सीटवर आडवं केलं. अंधार पडेपर्यंत बोलत होता. दूध कट्ट्याची वेळ निघून गेली. ती म्हणाली, दूध उद्या पिऊ. मग थालीपीठ खाऊन रूमवर गेले आणि साडेनऊलाच झोपले.