‘मीमांसा’ कुठे आणि ‘शास्त्र’ कुठे?

कोथरूडच्या एका वाचक बाईंनी विचारलंय: मुलीने बी. ए.ला तत्त्वज्ञान घेतलंय. तिच्या पुस्तकात ज्ञानाची ‘मीमांसा’ आहे, पण नीतीचं ‘शास्त्र’. एका पानावर सत्तामीमांसा, तर पुढच्या प्रकरणात सत्ताशास्त्र. हे दोन शब्द वेगळे आहेत, की लेखकाला त्या वेळी जो आठवला तो त्याने लिहिला?

दोन्ही खरं आहे. पुस्तकं लिहिताना एवढा काटेकोरपणा कोणी पाळत नाही, पण शब्द मात्र वेगळेच आहेत.

‘शास्त्र’ हा शास् धातूपासून आलेला शब्द. शास् म्हणजे आज्ञा करणे, शिकवणे. शासन, अनुशासन, शिष्य ही सगळी त्याच घरातली मंडळी. म्हणून शास्त्राच्या बोलण्यात एक अधिकार असतो. आपण पानात शास्त्रापुरती अर्धी पोळी वाढून घेतो ती भुकेसाठी नव्हे. आणि एखाद्या आजीने ‘शास्त्र असतं ते’ म्हटलं, की पुढे ‘का’ विचारायची सोय उरत नाही.

‘मीमांसा’चा स्वभाव नेमका उलटा. मन् म्हणजे विचार करणे. त्याचं हे इच्छार्थक, म्हणजे ‘करायची इच्छा’ दाखवणारं रूप. संस्कृतात अशा रूपात धातूचं पहिलं अक्षर दोनदा येतं: पा पासून पिपासा, ज्ञा पासून जिज्ञासा, श्रु पासून शुश्रूषा. (शुश्रूषा म्हणजे मुळात ऐकायची इच्छा! आजाऱ्याच्या उशाशी बसणाऱ्या माणसाचं निम्मं काम तेच असतं, म्हणून मला हा शब्द फार आवडतो.) पाणिनीने मीमांसेसाठी ‘मान्’ असा धातू धरून वेगळं सूत्र दिलंय, आणि व्याकरणकार तिथे अर्थ सांगतात तो ‘जिज्ञासा’. जैमिनीच्या मीमांसासूत्रांचा, म्हणजे मीमांसा दर्शनाच्या मूळ ग्रंथाचा, आरंभही ‘अथातो धर्मजिज्ञासा’ असाच आहे. मराठीत हा शब्द काही फक्त पंडितांकडे राहिला नाही. निवडणुकीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात पराभवाची ‘कारणमीमांसा’ असते. कारणशास्त्र म्हणून पाहा, लगेच कानाला खटकेल.

आता एकेक शाखा घेऊ. सगळ्यात जास्त घोटाळा ‘सत्ते’चा आहे. अप्पा बळवंत चौकातल्या एका दुकानात मी एकदा सत्ताशास्त्रावरचं पुस्तक मागितलं, तर काउंटरवरच्या मुलाने विनातक्रार राज्यशास्त्राचा गठ्ठा पुढे ठेवला. त्याचं काय चुकलं? आजच्या मराठीत सत्ता म्हणजे खुर्ची. मूळ शब्द सत् अधिक ता, म्हणजे ‘असणेपणा’. सत् हे अस् धातूचं रूप, म्हणजे ‘असणारं’. गंमत अशी की या शाखेचं इंग्रजी नाव ऑन्टॉलॉजी, त्यातलं ग्रीक ‘ऑन’ही ‘असणे’ या क्रियापदाचं तसंच रूप आहे. त्यामुळे ज्याने सत्ता हा शब्द योजला त्याने अगदी तोलून योजला. तुकोबांच्या ‘चाले हे शरीर कोणाचिये सत्ते’ या ओळीत आपण सत्तेचा अर्थ अधिकार, सामर्थ्य असाच लावतो, म्हणजे हे वळण काही कालचं नाही. या शाखेचा प्रश्न मात्र साधा आणि भयंकर आहे: मुळात आहे काय काय? टेबल आहे, हे ठीक. पण सात ही संख्या ‘आहे’ का? कालचा दिवस कुठे आहे?

ज्ञानमीमांसेचा प्रश्न: कळलं हे कशावरून? आपल्याकडे ही चर्चा प्रमाणांच्या, म्हणजे ज्ञानाच्या साधनांच्या, नावाने चालायची. चार्वाक फक्त प्रत्यक्ष मानणार, न्यायदर्शनाचे नैयायिक प्रत्यक्ष, अनुमान, उपमान (साम्यावरून ओळखणं), शब्द (जाणत्याचं सांगणं) अशी चार, कुमारिल भट्टांचे अनुयायी भाट्ट मीमांसक सहा. समजा, सकाळी गल्ली ओली दिसली, मी म्हटलं, रात्री पाऊस झाला. प्रत्यक्षात रस्ता ओला केला होता गळक्या टँकरने. पण मध्यरात्री खरोखरच दोन सरी येऊन वाळूनही गेल्या होत्या. माझं म्हणणं खरं निघालं, कारणही वरवर ठीक होतं. मग मला ‘माहीत होतं’ म्हणायचं का? अमेरिकी तत्त्वज्ञ एडमंड गेटियर यांनी १९६३ साली तीन पानांच्या लेखात अशीच अडचण मांडली, आणि तिच्यावरचा वाद अजून मिटलेला नाही. इथे ‘मीमांसा’च हवी.

तर्कशास्त्राला ‘शास्त्र’ शोभतं. अनुमान वैध कधी, याचे तिथे नियमच आहेत.

नीतीबद्दल माझी तक्रार आहे. जुन्या संस्कृतात नीतिशास्त्र म्हणजे मुख्यतः राजाने आणि शहाण्याने कसं वागावं याचे धडे. नी म्हणजे नेणे. आजचा विषय वेगळा: चांगलं कशाला म्हणायचं, आणि तसं का वागायचं? इथे ‘का’ आहे, म्हणून मला नीतिमीमांसा हा शब्द बरा वाटतो. पुण्यातूनच १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या टिळकांच्या गीतारहस्याचं दुसरं नाव ‘कर्मयोगशास्त्र’. त्याच्या तिसऱ्या प्रकरणालाही तेच नाव आहे, पण त्याआधीचं दुसरं प्रकरण आहे ‘कर्मजिज्ञासा’. आधी प्रश्न, मग शास्त्र. सौंदर्याच्या बाबतीत निवाडा झालेलाच आहे: रा. भा. पाटणकरांनी आपल्या ग्रंथाला ‘सौंदर्यमीमांसा’ म्हटलं, आणि त्याच्या हजारेक वर्षं आधी राजशेखराने ‘काव्यमीमांसा’ लिहिली होती.

जाता जाता एक. फिलॉसॉफी म्हणजे शहाणपणाची ओढ. ते हाती लागल्याचा दावा त्या शब्दात नाही. आपलं ‘तत्त्वज्ञान’ मात्र पोचल्याची वर्दी देतं. नैयायिकांच्या मूळ ग्रंथाच्या, न्यायसूत्रांच्या, पहिल्याच सूत्रात तत्त्वज्ञानाने निःश्रेयस, म्हणजे परम कल्याण, मिळतं असं म्हटलंय, म्हणजे तिथे ते विषयाचं नाव नाही, हाती आलेलं फळ आहे. म्हणूनच बहुधा ‘तत्त्वज्ञान पाजळू नकोस’ असं आपण म्हणतो. ‘मीमांसा पाजळू नकोस’ असं कोणी म्हटलेलं मी ऐकलेलं नाही.

मुलीला सांगा, परीक्षेत पुस्तकातला शब्दच लिही, मार्क त्यालाच आहेत. फक्त ‘तत्त्व’मध्ये दोन त लिही: एक तत् मधला, एक त्व मधला. पुस्तकाच्या कव्हरवर एकच असला तरी.