तुमचे प्रश्न : जुन्या गाडीचा इन्शुरन्स किती रकमेचा काढायचा?

प्रश्न : वडिलांनी घेतलेली १९६८ ची फियाट ११०० डिलाइट आहे आमच्याकडे. गेल्या वर्षी पत्रा, पेंट, वायरिंग, सीटा सगळं करून घेतलं, साडेतीन लाख गेले. आता एक एजंट म्हणतो एवढ्या जुन्या गाडीला फुल्ल इन्शुरन्स मिळतच नाही, थर्ड पार्टी (फक्त समोरच्याच्या नुकसानीचा) काढा आणि गप्प बसा. दुसरा म्हणतो फर्स्ट पार्टी देतो पण आयडीव्ही ५० हजारच लावणार, प्रीमियम पण कमी बसेल. गाडी रविवारी आणि सणासुदीला काढतो फक्त. काय करू?
(एक वाचक, सांगली)

उत्तर : पहिल्या एजंटचं सोडून द्या. जुन्या गाडीला ओन डॅमेज, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचं कव्हर, द्यायचं नाही असा नियम कुठेच नाहीये, द्यायचं की नाही हे कंपनी गाडी बघून ठरवते, त्यामुळे एकाने नाही म्हटलं तर दुसऱ्या कंपनीकडे जा, आणि ऑनलाइन प्रयत्न करत बसू नका कारण तिथे १९६८ टाकलं की बऱ्याचदा गाडी पुढेच सरकत नाही. सरळ ब्रँच ऑफिसला जाऊन अंडररायटिंग (पॉलिसी द्यायची का आणि कितीला, हे ठरवणं) बघणाऱ्या माणसाशी बोला.

आता दुसरा एजंट. त्याची ऑफर दिसायला स्वस्त आहे पण माझ्या मते हीच जास्त धोक्याची आहे. आयडीव्ही म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पार संपली तर कंपनी देणार ती रक्कम, हे सगळ्यांना माहिती असतं. पण त्याच आकड्यावर अजून एक गोष्ट ठरते जी कुणी सांगत नाही. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की गाडी टोटल लॉस धरतात. ५० हजाराचे ७५ टक्के म्हणजे साडेसदतीस हजार. तुमच्या फियाटला कुणी समोरून ठोकलं, मडगार्ड, बॉनेट, ग्रिल, हेडलाइट असं गेलं तर चाळीस हजाराचं काम सहज निघतं. म्हणजे जी गाडी गॅरेजवाला पंधरा दिवसात उभी करून देईल ती कागदावर भंगार झाली, वर आरसी (नोंदणीचं पुस्तक) रद्द करायला सांगतील ते वेगळंच. वडिलांची गाडी वाचवायला इन्शुरन्स काढायचा आणि त्याच्याच पायी ती घालवायची, असं नको व्हायला.

नव्या गाडीला आयडीव्हीचा तक्ता असतो, सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के घसारा, मग वाढत वाढत चार ते पाच वर्षाला ५० टक्के. पाच वर्षाच्या पुढे आणि बंद झालेल्या मॉडेलला मात्र तक्ता नाही, तिथे आयडीव्ही मालक आणि कंपनी दोघांनी मिळून ठरवायची असते. हा तुमचा हक्क आहे, तो वापरा. आणि एकदा पॉलिसीवर आकडा छापून आला की टोटल लॉसच्या वेळी वर्षभर तीच किंमत धरली जाते, मधेच परत घसारा लावता येत नाही.

आकडा मागायला जाताना हात हलवत जाऊ नका. कामाची सगळी बिलं, गाडीचे चारी बाजूंनी, आतून, बॉनेट उघडून फोटो, चेसिस नंबर इंजिन नंबरचे जवळून फोटो, आणि एखाद्या व्हॅल्युअरकडून लेखी व्हॅल्युएशन रिपोर्ट, एवढी फाइल करा. साडेतीन लाख खर्च झाला म्हणून साडेतीन लाख मिळतीलच असं नाही, बाजारात तशाच कंडिशनची फियाट कितीला जाते ते बघितलं जातं, पण फाइल असली की बोलणी ५० हजारावर सुरू होत नाहीत.

छोट्या डॅमेजचं गणित पण समजून घ्या. दहा वर्षाच्या पुढच्या गाडीला पत्र्याच्या आणि लोखंडी नवीन पार्टवर घसारा म्हणून ५० टक्के कापतात, रबर-प्लॅस्टिकवर ५० टक्के, काचेवर काहीच नाही, आणि मजुरीवरही काही कापत नाहीत. समजा ७० हजाराचं बिल झालं. त्यात पार्ट २० हजार, बीडिंग वगैरे रबर ६ हजार, डेंटरची मजुरी २४ हजार, पेंटिंग २० हजार. पार्टचे १० हजार कापले, रबरचे ३ हजार, पेंटिंगच्या एकत्र बिलात २५ टक्के मटेरियल धरतात आणि त्याचे निम्मे म्हणजे अडीच हजार, वर १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममध्ये मालकाने सोसायचे कंपल्सरी एक हजार. जीएसटी बाजूला ठेवला तर हातात ५३,५०० येतात. लोकांना वाटतं जुन्या गाडीला निम्मेच पैसे मिळतात, तसं नाहीये, कारण फियाटचा नवा पत्रा मिळतो कुठे, डेंटर ठोकूनच सरळ करतो आणि ती सगळी मजुरी. म्हणून गॅरेजवाल्याकडून बिल घेताना पार्ट वेगळे, मजुरी वेगळी, पेंटिंग वेगळं असं लिहून घ्याच. ‘एकूण काम ७० हजार’ अशी चिठ्ठी घेऊन गेलात की सर्व्हेअर (नुकसान तपासायला कंपनी पाठवते तो) त्याच्या मनाने आकडा पाडतो. झिरो डेपच्या (पार्टवर घसारा न कापणाऱ्या जादा कव्हरच्या) मागे लागू नका, एवढ्या जुन्या गाडीला मिळत नाही.

तुम्ही सांगलीचे म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगते. गाडी फार बाहेर निघत नाही म्हणून थर्ड पार्टी अधिक फायर-थेफ्ट अशी स्वस्तातली पॉलिसी सुचवतील. फायर-थेफ्टमध्ये पूर येत नाही! २०१९ आणि २०२१ ला कृष्णेचं पाणी कुठवर आलं ते तुम्हाला मी सांगायला नको. पुराचं नुकसान पूर्ण पॉलिसीतच मिळतं. आणि पाण्यात उभी राहिलेली गाडी चालू करून बघू नका, बॅटरीची वायर काढा, टो करून गॅरेजला न्या. पाणी शिरलेल्या इंजिनला स्टार्टर मारला आणि इंजिन बसलं की ते नुकसान तुमच्यामुळे वाढलं असं म्हणून क्लेम अडवतात.

प्रश्न : माझ्याकडे विलीज जीप आहे. लग्नाच्या वरातीला लोक मागतात, पाच-सहा हजार देतात, डिझेल-ड्रायव्हर त्यांचाच. प्रायव्हेट पॉलिसी चालेल ना?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : नाही चालणार. प्रायव्हेट पॉलिसीत भाड्याने देणं सरळ वगळलेलं असतं. वरातीत काही झालं आणि पैसे घेतल्याचं निघालं, यूपीआयचा एक मेसेज पुरतो त्याला, तर ओन डॅमेजचा क्लेम जातोच, आणि कुणाला लागलं तर भरपाईचा बोजा तुमच्या अंगावर यायची शक्यता आहे. वरातीत गाडीच्या पुढे-मागे किती माणसं नाचत असतात, पोरं असतात, आणि ड्रायव्हर पण तुमचा नाही म्हणता, त्याला जुने ब्रेक काय माहिती! मित्राच्या लग्नाला फुकट द्या, स्वतः चालवा. पैसे घ्यायचे असतील तर आधी आरटीओत गाडीचा वापर बदलून घ्या, मग त्याप्रमाणे पॉलिसी.

रॅलीत उतरवणार असाल तरी आधी कंपनीला कळवा. नुसतं प्रदर्शन वेगळं, पण वेळ लावून केलेली रॅली किंवा ट्रायल पॉलिसीत वगळलेली असते, त्यासाठी वेगळं एन्डॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीला जोडलेली जादा अट, घ्यावं लागतं.

प्रश्न : विंटेज म्हणून नोंदणी केली की इन्शुरन्स स्वस्त होतो असं ऐकलं. खरं का? गाडी १९७० ची आहे.
(एक वाचक, पुणे)

उत्तर : थर्ड पार्टीपुरतं खरं आहे. २०२२ च्या नियमांनी विंटेज म्हणून नोंदलेल्या प्रायव्हेट गाडीला थर्ड पार्टी प्रीमियम निम्मा केला. १००० ते १५०० सीसीला त्यावेळी ३,४१६ रुपये ठरले, त्याचे १,७०८ झाले, वर जीएसटी. म्हणजे वाचले सतराशे. आता दुसरी बाजू बघा. जुलै २०२१ च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली गाडी यात बसते, पण चेसिस, बॉडी, इंजिन मुळातलं हवं, दुसरं इंजिन बसवलं असेल तर अडचण. नव्याने नोंदणीला २० हजार फी, १० वर्षं चालते, पुढे ५ हजार. आणि मुख्य म्हणजे अशी गाडी रोज वापरता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरायला, कामाला न्यायला एवढंच. तुम्ही रोज मुलाला शाळेत सोडायला नेत असाल तर या भानगडीत पडूच नका. गाडी शेडमध्येच असते आणि वर्षातून दोन-तीनदा निघते असं असेल तर करा, आणि आधीच नोंदलेली असेल तर जुना नंबर ठेवता येतो, विंटेज गाड्यांसाठीच्या व्हीए सिरीजचा घ्यावा लागत नाही.

आणि हे १९४० च्या आधीच्या विंटेजशी मिसळू नका. इन्शुरन्सच्या जुन्या टॅरिफमध्ये (दर आणि अटींच्या पुस्तकात) विंटेज म्हणजे ३१ डिसेंबर १९४० पूर्वी बनलेली आणि विंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाने सर्टिफाय केलेली गाडी. ठरलेली किंमत जशीच्या तशी द्यायची अशी व्हॅल्यूड पॉलिसी फक्त तिलाच होती, ओन डॅमेजमधली २५ टक्के सूट पण तिलाच. तुमच्या १९७० च्या गाडीला आरटीओने विंटेज म्हटलं तरी यातलं काही आपोआप लागू होत नाही, त्यामुळे एजंटने ‘विंटेज पॉलिसी’ असं म्हटलं की नेमकी कुठली सूट आणि टोटल लॉसला किती रक्कम, हे ईमेलवर लिहून मागा आणि मगच चेक द्या.