पोलीस आले, पण जहाज गेलं

(पोलीस खात्यात ठाणे अंमलदार म्हणून वर्षानुवर्षं स्टेशन डायरी लिहिली. निवृत्तीनंतर भाच्याने ऑनलाइन गेमचा नाद लावला. या सदरात वाचकांच्या त्या जगातल्या शंकांना उत्तरं.)

प्रश्न : मी ‘ईव्ह ऑनलाइन’ हा अंतराळातला गेम खेळतो. ‘हायसेक’ म्हणजे पोलिसांच्या हद्दीतून माल नेताना आठ-दहा जणांनी माझं मालवाहू जहाज फोडलं. पोलिसांनी त्यांना उडवलं, पण तोवर माझं सगळं गेलं होतं. मग हद्दीचा उपयोग काय? तक्रार कुठे करू?
– स. कु., नाशिक

तक्रार करायची गरजच नाही, ती तुमच्याआधी झालेली असते. ईव्हमध्ये काँकॉर्ड नावाचं पोलीस दल आहे. त्याला फिर्यादी लागत नाही, पंचनामा लागत नाही. पहिली गोळी सुटली की गुन्हा आपोआप दाखल. आमच्या वेळी असं असतं तर निम्मी डायरी कोरी राहिली असती.

मात्र काँकॉर्ड तुम्हाला वाचवायला येत नाही, शिक्षा द्यायला येतं. १.० सुरक्षेच्या, म्हणजे सगळ्यात सुरक्षित ठिकाणी ते सहा-सात सेकंदांत पोचतं, ०.५ ला, म्हणजे हद्दीच्या अगदी काठावर वीसेक सेकंद लागतात. टोळ्या हेच सेकंद मोजून असतात. स्वस्तातली कॅटलिस्ट जहाजं घ्यायची, तेवढ्या वेळात किती मारा होतो त्याचा हिशेब करायचा आणि त्याप्रमाणे माणसं जमवायची. आपली जहाजं जाणार हे त्यांनी आधीच खर्चात धरलेलं असतं. काँकॉर्डने फोडलेल्या जहाजाचा विमा मिळत नाही, तरीही परवडतं. हुशार टोळ्या तर आधी दुसऱ्या टोकाला एखादा फालतू गुन्हा करून काँकॉर्डला तिकडे खेचतात. बंदोबस्त एकीकडे आणि दरोडा दुसरीकडे, हा प्रकार मला अजिबात नवा नाही.

माल कोण उचलतं तेही पाहा. ज्यांनी गोळी झाडली ते पुढची १५ मिनिटं ‘क्रिमिनल’ असतात, जहाजात बसून बाहेर पडले की पुन्हा मरणार. म्हणून सांगाड्यातून वाचलेला माल गोळी न झाडलेला जोडीदार उचलतो. तो फक्त ‘सस्पेक्ट’ ठरतो. काँकॉर्ड त्याला हात लावत नाही, पण १५ मिनिटं कोणीही खेळाडू त्याला फोडू शकतो. चोरीला एक कलम आणि हल्ल्याला दुसरं, हा फरक करणाऱ्याचं मला कौतुक वाटतं. काँकॉर्डला चुकवून पळायची युक्ती शोधणं मात्र कंपनीच्या नियमात बसत नाही, त्याबद्दल खेळाडूच्या गेममधल्या खात्यावरच कारवाई होते.

तुमच्या हातात उरतो तो ‘किल राइट’, म्हणजे तुम्हाला फोडणाऱ्यावर काँकॉर्ड मध्ये न पडता हल्ला करायचा हक्क. तो ३० दिवस टिकतो. स्वतः वापरा, नाहीतर पैसे लावून इतरांसाठी खुला करा. आणि पुढच्या खेपेला उएदामासारख्या ०.५ च्या ठिकाणातून जाताना ऑटोपायलट बंद ठेवा. तो गेटच्या, म्हणजे पुढच्या तारामंडळात जायच्या दाराच्या, अलीकडे उतरवतो आणि तिथून जहाज रांगत नेतो. मौल्यवान माल पातळ कवचाच्या जहाजात कोंबायचा आणि वर रांगत जायचं, हे आमंत्रणच झालं.

प्रश्न : खेळाडूंनीच गुन्हा नोंदवायचा आणि खेळाडूंनीच न्याय द्यायचा, असा गेम आहे का?
– एक वाचक, मिरज

होता. ‘आर्कएज’. कोरियात २०१३ साली सुरू झाला, युरोप-अमेरिकेतले त्याचे सर्व्हर २०२४ मध्ये बंद पडले. दुसऱ्याच्या शेतातलं पीक चोरलं की पावलांचे ठसे उमटायचे, आपल्याच गटातल्या माणसाला मारलं की रक्ताचा डाग. कोणी येणाऱ्याजाणाऱ्याने तो पुरावा पाहून नोंदवला, तरच गुन्ह्याचे गुण चढणार. काही वेळाने ठसे पुसले जायचे. रात्री ओसाड शेतात चोरी केली आणि तिकडे कोणी फिरकलंच नाही, तर गुन्हा कागदावर नाहीच! आमच्या खात्याच्या सगळ्यात जवळ गेलेला गेम हा.

गुण साठले आणि आरोपी कोणाच्या हातून मेला, की तो न्यायालयात उभा. समोर पाच खेळाडूंची ज्युरी. ती आरोपीचा गुन्ह्यांचा पाढा वाचायची, त्याचं म्हणणं ऐकायची आणि मत द्यायची. शिक्षा मिनिटांत, पण ती मिनिटं खरोखर तुरुंगात काढावी लागायची. आरोपी मजेशीर बोलला तर ज्युरी विरघळायची, उद्धटपणे बोलला तर जास्तीत जास्त मिनिटं. हसू नका. मुंबईच्या सत्र न्यायालयात १९५९ साली नानावटी खटल्यात नऊ जणांच्या ज्युरीने आठ विरुद्ध एक असं ‘निर्दोष’ म्हटलं होतं. न्यायाधीशांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं आणि तिथे शिक्षा झाली. आर्कएजमध्ये वर उच्च न्यायालय नव्हतं, एवढंच.

प्रश्न : फुकट गेम-करन्सीचं आमिष दाखवून कोणीतरी मुलाकडून पासवर्ड काढून घेतला आणि त्याचं मोबाइल गेमचं खातं बळकावलं. गेममधलं ‘रिपोर्ट’ बटण दाबलं. तेवढं पुरे का?
– एक आई, ठाणे

नाही. ते बटण कंपनीपुरतं. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-सी खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बँकेतून पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, तिथे तासातासाला फरक पडतो. नसतील तर राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर किंवा ठाण्यात लेखी तक्रार द्या.

‘गेममधल्याच तर वस्तू’ असं कोणी म्हणालं, तर नेदरलँड्सचं उदाहरण सांगा. तिथे एका मुलाला मारहाण करून ‘रूनस्केप’मधलं ताईत आणि मुखवटा काढून घेतला होता. २०१२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती चोरीच ठरवली.

ठाण्यात जाताना चॅटचे स्क्रीनशॉट तारीख-वेळ दिसेल असे घ्या, खात्याचा आयडी लिहून न्या, आणि तक्रारीची पोच घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.