रानटी वनस्पतींचा अर्क फवारून भाजीपाल्यातील तण आटोक्यात येते का?

सासवडजवळच्या दहा गुंठ्यांत तणनाशक न वापरता भाजीपाला घ्यायचा आहे आणि बांधावरच्या गाजर गवताचा किंवा घाणेरीचा अर्क त्यासाठी चालेल का, असे आपण विचारले आहे. पुण्याजवळच्या मांजरी गावातील माझ्या वाफ्यांवर मी हे चार हंगाम करून पाहिले. रुजू पाहणारे तण त्याने काहीसे अडते, उभे तण मात्र मरत नाही.

गाजर गवतातील पार्थेनिन हे द्रव्य बियाण्याच्या कोवळ्या मुळाची वाढ खुंटवते, परंतु ते बी तणाचे आहे की पिकाचे, हे त्याला कळत नाही. पहिल्या वर्षी मी दोन ट्रेमध्ये मेथी टाकली आणि एकाला साधे पाणी, तर दुसऱ्याला अर्क दिला. सहाव्या दिवशी उपटून पाहिले, तेव्हा अर्काच्या ट्रेमधील मुळे नखाएवढी राहून टोकाला तपकिरी झालेली होती. म्हणून मेथी, कोथिंबीर, पालक यांसारख्या बी फेकून घेतलेल्या पिकांत हा अर्क वापरू नये; वांगी, टोमॅटो, मिरची यांच्या लागवडीआधी मोकळ्या वाफ्यावर तो वापरता येतो.

ट्रेमधला परिणाम शेतात तेवढा दिसत नाही, कारण काळ्या मातीतील चिकणकण ही द्रव्ये धरून ठेवतात आणि सूक्ष्मजीव ती मोडून टाकतात. बॉटलब्रशच्या झाडाखाली तण कमी उगवते, या निरीक्षणातून पुढे मेसोट्रिओन हे मक्यातील तणनाशक निघाले खरे, पण त्यासाठी मूळ रेणूत रसायनशास्त्रज्ञांना बदल करावे लागले. बादलीत भिजवलेल्या पाल्याकडून तशी अपेक्षा धरता येणार नाही.

माझे प्रमाण एक किलो कोवळ्या पाल्यास दहा लिटर पाणी असे आहे. पाला रात्रभर भिजवून फडक्याने गाळतो आणि त्याच दिवशी फवारतो. गाजर गवत कळीवर येण्याआधीच कापावे, नाहीतर त्याचे बी आपणच वाफ्यात आणून टाकतो. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा आवश्यक आहे, कारण या गवताने अंगाला खाज सुटून चट्टे उठतात. (१९५० च्या दशकात ते भारतात प्रथम नजरेस आले ते पुण्यातच, तेव्हा पाल्याची टंचाई आपल्याला पडायची नाही.) फवारणीनंतर आठवडाभर थांबून वाफ्याच्या कोपऱ्यात मेथीचे दहा-बारा दाणे टाकावेत आणि ते नीट रुजले, तरच रोपे लावावीत.

अर्कापेक्षा मला अधिक उपयोग झाला तो लागवडीआधी वाफे भिजवून तण मुद्दाम उगवू देण्याचा. आठ-दहा दिवसांनी ते दोन पानांवर असतानाच वरच्यावर खुरपून टाकायचे, माती खोल हलवायची नाही आणि रोपे लावल्यावर उसाच्या पाचटाचे चार बोटे जाड आच्छादन करायचे. लव्हाळा आणि हरळी यांना मात्र यातले काहीच पुरत नाही. उन्हाळ्यात जमीन खोल खणून लव्हाळ्याच्या गाठी आणि हरळीच्या काश्या हाताने वेचाव्या लागतात आणि त्या उकिरड्यावर न टाकता उन्हात पूर्ण वाळवाव्या लागतात.