तुमचं ‘नेहमीचं’ काय?

मागच्या अंकात विचारलं होतं, गाडीवर किंवा काउंटरवर उभं राहिलं की विचार न करता तोंडातून जी ऑर्डर निघते ती कोणती. पत्रं एवढी आली की निम्मी बाजूला ठेवावी लागली. वडापाव सोडून दुसरं काही लिहिणारेही होते हां, थोडेच, पण होते. कुणी प्रश्न विचारलेत, कुणी नुसती भांडणं पाठवलीत, जमेल तेवढ्यांना उत्तर देतोय.

कुठेही गेलो तरी मी वडापावच घेतो, सँडविचवाल्याने बाजूला वडे ठेवले असतील तर तिथेही. बायको म्हणते तुला चवच कळत नाही. आमच्यात बरोबर कोण?
— एक वाचक, डोंबिवली

वहिनी. म्हणजे वडापाव खाण्यात काही चूक नाही, कुठेही खाण्यात आहे. माझा हिशोब साधा आहे, त्या गाडीवर सगळ्यात जास्त जे खपतं तेच आपलं नेहमीचं, कारण खप असला की घाणा सारखा पडत असतो, वडा कढईतून थेट तुमच्या हातात येतो आणि पाव शिळा व्हायला उरतच नाही. सँडविचवाल्याकडचा वडा काचेच्या पेटीत कधीपासून बसलाय कुणास ठाऊक, त्याच्याकडे सँडविचच घ्या. आणि वडापावच्या गाडीवर गेलात की आधी कढईत बघा, वडे अजून पिवळे असतील तर दोन मिनिटं थांबा, झाऱ्याने निथळून परातीत पडले की मग पैसे पुढे करायचे आणि त्याच दमात सांगायचं, ‘दोन, सुकी जास्त, गोड कमी, मिरची द्या’. पाव चिरून त्यात चटणी फासेपर्यंत सांगितलं नाहीत तर तो त्याच्या हिशोबाने लावणार, मग तक्रार करायची नाही.

चुरा पाव मागितला की मित्र म्हणतात हा पैसे वाचवतोय. खरंच एवढं हलकं खाणं आहे का ते?
— कॉलेजकुमार, प्रभादेवी

अरे हलकं कसलं, तू कीर्ती कॉलेजच्या वडापाववाल्या गल्लीच्या एवढ्या जवळ राहून हे विचारतोस? वडे सोडताना बेसनाचे जे थेंब कढईत सांडतात आणि तळून कुरकुरीत होतात तोच चुरा, त्यावर लाल सुकी चटणी पडली की बटाट्याची आठवण पण येत नाही. वडापाव सुरू झाला तो दादर स्टेशनबाहेर, 1966 मध्ये अशोक वैद्यांच्या गाडीवर, असं मानलं जातं, म्हणजे हा सगळा प्रकार तुझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावरचा. मित्रांना एकदा घास दे, पुढच्या वेळी तुला चुरा उरणार नाही.

मुलगा सातवीत आहे. मॅकडोनाल्ड्समध्ये दर वेळी आलू टिक्की बर्गर आणि फ्राइज, दुसरं काही नाही. बाहेरच्या देशातलं खायचंच असेल तर काहीतरी वेगळं तरी खावं ना?
— एक आई, बोरिवली

ताई, तो बाहेरच्या देशातलं खातोच कुठे आहे! मटार बटाट्याची टिक्कीच आहे ती, फक्त बनमध्ये घातलेली. ही कंपनी 1996 ला भारतात आली ती बीफ आणि पोर्क बाजूला ठेवून, व्हेज वाल्यांसाठी मेयोनीज पण बिनअंड्याचं काढलं, म्हणजे त्यांनीच आपलं ऐकलंय. पोराला खाऊ द्या. फ्राइज मात्र बिनमिठाचे मागायला शिकवा, बरेचदा नवीन तळून द्यावे लागतात, मीठ टेबलावर घालता येतं.

फ्रँकी आणि मंच्युरियन, दोन्ही परदेशी ना? सासरेबुवांशी पैज लागलीय.
— एक सून, अंधेरी

पैज जिंकायची असेल तर नाही म्हणा. फ्रँकी अमरजीत सिंग टिब यांनी मुंबईत आणली, बैरूतला खाल्लेल्या रोलवरून सुचली हे खरं, पण मैद्याची रोटी, अंडं आणि तो आंबट मिरचीचा मसाला सगळा इथला. आणि चिकन मंच्युरियन नेल्सन वांग यांनी 1975 च्या सुमारास इथल्याच क्रिकेट क्लब ऑफ इंडियात केलं. चायनीज भेळेबद्दल तर विचारूच नका, ती चीनमध्ये कुणी ओळखणार नाही. सासऱ्यांकडून पैजेची फ्रँकी वसूल करा, चीज वाली.

जैन पावभाजीत बटाट्याऐवजी काय घालतात? चव बरी लागते का?
— एक वाचक, घाटकोपर

कच्चं केळं. कांदा लसूण पण नसतं, त्यामुळे सगळी मदार टोमॅटो, मसाला आणि बटरवर. बरी लागते, पण तव्याच्या एका कोपऱ्यात वेगळी करत असतील तरच घ्या, नाहीतर तोच कालथा इकडून तिकडे फिरतो आणि जैन फक्त बिलावर राहतं.

पावसात बाहेरचं बंद करू का? राहवत नाही.
— खादाड, परळ

बंद कशाला, जे तुमच्यासमोर आगीवरून उतरतंय ते खा. वडा, भजी, मसाला टोस्ट, तव्यावरची पावभाजी, भाजलेलं कणीस, चालेल. पाणीपुरी, हिरवी चटणी, कापून ठेवलेला कांदा टोमॅटो आणि बर्फाचा गोळा, हे चार सप्टेंबरपर्यंत राहू दे. सँडविच घ्यायचंच असेल तर टोस्टच घ्या आणि काकडी समोर कापायला लावा, भैया कुरकुरेल, पण कापून देईल.